शरीरविद्येचे आचार्य : स्वामी कुवलयानंद

शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास बहुधा दिवसाच्या अखेरीस येतो, आणि परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम गदा येते ती त्याच तासावर. हा तास व्याकरण आणि गणित यांच्या पंक्तीला बसला पाहिजे, तो घेणाऱ्या शिक्षकाजवळ शास्त्राचे ज्ञान असले पाहिजे आणि आपण काय शिकवतो व का शिकवतो याचे उत्तर त्याला देता आले पाहिजे, असा आग्रह एका संस्कृतच्या अध्यापकाने जन्मभर धरला. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ते देशभर आणि परदेशातही ओळखले गेले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी, एका मराठी कुटुंबात झाला. घरची स्थिती ओढगस्तीची होती. शिक्षण कष्टानेच पुरे करावे लागले. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली आणि बडोदे कॉलेजात प्रवेश घेतला. त्या काळी अरविंद घोष तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा तरुण गुण्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प त्यांनी याच वयात केला.

बडोद्यातच त्यांना पहिले मोठे गुरू लाभले. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे कुस्ती, मल्लखांब, लाठी आदी देशी व्यायामप्रकारांचे नामांकित शिक्षक. आखाड्यात निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. शरीर घडवणे आणि दुखावलेले शरीर पूर्ववत करणे ही दोन्ही कामे त्यांच्या ठायी एकत्र आली होती. १९०७ ते १९१० या काळात गुण्यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. शेकडो मुलांना एका हुकमाखाली शिस्तीने व्यायाम देण्याची माणिकरावांची सांघिक पद्धत त्यांनी तेथेच आत्मसात केली.

त्यानंतर गुण्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. याच वर्षांत, १९१९ मध्ये, नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजींचे दर्शन घडले. मूळचे बंगालचे हे वृद्ध योगी त्यांचे योगविद्येतील गुरू झाले. दोनच वर्षांनी माधवदासजींनी देह ठेवला. पण तेवढ्या अल्प सहवासाने गुण्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

गुरूवर त्यांची नितांत श्रद्धा होती. तथापि केवळ गुरूने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत. योगक्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न घेऊन त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, यामागे गूढ शक्ती असावी असा समज होता. नौली करताना पोटाचे मध्यस्नायू विशिष्ट रीतीने आकुंचन पावले की मोठ्या आतड्यातील दाब उतरतो आणि अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते, असे त्यांना दाबमापनावरून आढळले. पाणी ओढले जाण्याचे कारण इतके सरळ होते. आपल्या या शोधाला त्यांनी माधवदासजींचेच नाव दिले.

१९२४ मध्ये विजयादशमीच्या मुहूर्तावर लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. आश्रम म्हटला की ध्यान, जप आणि प्रवचने डोळ्यांसमोर येतात; येथे त्यांच्या जोडीला प्रयोगशाळा होती. सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाबात कसा फरक पडतो, प्राणायामात श्वसनवायूंचे प्रमाण काय राहते, याची मोजमापे घेऊन ती त्रैमासिकात छापली जात. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, अशी लोकांची तेव्हाही समजूत होती. मोजमाप तसे सांगत नव्हते. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, असा निष्कर्ष या योग्याने स्वतःच जाहीर केला. तसे करताना योगाची प्रतिष्ठा उणावेल असे भय त्यांना वाटले नाही. ज्या शिक्षकाला आपल्या विषयावर खरा विश्वास असतो, तो विद्यार्थ्याला चुकीचे कारण देऊन त्या विषयाची थोरवी पटवीत नाही.

हळूहळू त्यांची कीर्ती पसरली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक बेहानन यांनी लोणावळ्यास राहून त्यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला आणि पुढे योगावर शास्त्रीय ग्रंथ लिहिला. मुंबईत १९३२ मध्ये कैवल्यधामाचे आरोग्यकेंद्र सुरू झाले. नाना व्याधींनी ग्रासलेले लोक तेथे येऊ लागले.

परंतु स्वामीजींमधला शिक्षक रुग्णांपुरता थांबणारा नव्हता. शाळांतील मुलांना एकत्रितपणे करता येतील अशा सोप्या यौगिक क्रिया निवडून त्यांनी सांघिक व्यायामाचा पाठ तयार केला. माणिकरावांची शिस्त आणि माधवदासजींची विद्या यांचा त्यात संगम होता. संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, शाळांसाठी त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. पुढच्याच वर्षी कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षणसंस्था उभी राहिली. मुलांच्या शरीराची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला रीतसर शिक्षण हवे, ही गोष्ट अशा रीतीने सरकारदरबारी मान्य झाली.

त्या काळी अनेक शाळांत कवायत घेणाऱ्या मास्तरांना शिक्षकांच्या खोलीत फारसा मान नसे. घणाघाती आवाज आणि हातातली शिटी एवढेच त्यांचे भांडवल समजले जाई. पोटाच्या स्नायूंची रचना, श्वासाची गती, वाढत्या वयाच्या मुलाला झेपेल आणि न झेपेल असा श्रम, हे सारे जाणणारा शिक्षक मैदानावर उभा राहावा, यासाठी स्वामीजी झटले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू झाले. तेथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक प्रांतोप्रांतीच्या शाळांत गेले. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे उरली ती मुख्यतः ही शिष्यपरंपरा आणि योगमीमांसेचे अंक.

उत्कृष्ट शिक्षकांचा गौरव करताना व्यासपीठावर बहुधा भाषेचे, गणिताचे, विज्ञानाचे अध्यापक बसलेले दिसतात. वर्गाबाहेर, उन्हात उभे राहून मुलांना नीट उभे राहायला, नीट श्वास घ्यायला आणि पडल्यावर पुन्हा उठायला शिकवणारे गुरुजी प्रत्येक शाळेच्या इतिहासात असतात; माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीत ते इतरांपेक्षा अधिक काळ टिकतात. डभोईच्या या संस्कृतज्ञाने त्या गुरुजींच्या कामाला शास्त्राची बैठक दिली. पालकांनी आपल्या पाल्याचे प्रगतिपत्रक हाती घेताना व्यायामाच्या रकान्यावरून नजर पुढे सरकू दिली नाही आणि मैदानावरच्या शिक्षकाची चार शब्दांनी विचारपूस केली, तर स्वामी कुवलयानंदांच्या कार्याचे ते उचित स्मरण ठरेल.