सुभेदारांच्या घरातील बालभीम

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्या, त्यांचे सत्याग्रह आणि भारतीय संविधान यांविषयी आपण नित्य वाचतो. ज्या घरात त्यांचे बालपण गेले, तेथील चूल आणि धुणे यांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. सेवानिवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास आले. घर कबीरपंथी असल्याने मुलांनी नित्यनेमाने भजने म्हणावीत, असा तेथील शिरस्ता होता. भीमराव लहान असतानाच माता भीमाबाईंचे निधन झाले. आत्या मीराबाई अत्यंत मायाळू होत्या. परंतु पायांच्या व्याधीमुळे त्यांना आधाराशिवाय हिंडणे-फिरणे कठीण होते.

पुढे रामजी नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे गेले. बहिणी सासरी होत्या. घरी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दिवंगत बहिणीची दोन मुले, असे चौघे उरले. ही मुले शाळेत जात आणि स्वयंपाकही स्वतःच करीत. भाकरी-पोळी त्यांना जमत नसे. म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून केलेल्या पुलावावर ती दिवस काढीत.

बहिणी घरी असताना धुणे त्याच करीत. भावांचे केस कापण्याचे कामही थोरल्या बहिणीकडे असे आणि त्यात ती चांगलीच तरबेज झाली होती. साताऱ्यात धोबी व न्हावी पुष्कळ होते. त्यांना पैसे देण्याची घरची ऐपतही होती. तथापि अस्पृश्याच्या कपड्यांना वा मस्तकाला हात लावण्यास कोणीही तयार नव्हते. शाळेत बसावयाचे गोणपाटसुद्धा भीमरावांना रोज घरून न्यावे व परत आणावे लागे. घरातील ही कामे अशी जातिव्यवस्थेने लादलेली होती.

मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत चूल, जाते, सरपण आणि अभ्यास सारे चाले. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. मिणमिणत्या दिव्याजवळ भीमरावांचा अभ्यास सुरू होई. १९०७ मध्ये ते मॅट्रिक उत्तीर्ण झाले.

शाळेचे दार उघडले तरी दोन वेळचे अन्न आणि निजावयास जागा नसेल, तर गरिबाचे मूल शिकू शकत नाही. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, त्यामागे हीच निकड होती.

बुलढाणा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली आपली मुले-मुली वसतिगृहात स्वतःचे ताट घासतात, कपडे धुतात, खोली झाडतात. या कामांत कमीपणा नाही. ती कोणा एका जातीची वा केवळ मुलींची नाहीत, हा समतेचा पहिला धडा त्यांना येथेच मिळतो. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तो आपापल्या घरीही जपावा. बाबासाहेबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!