पहाटेचा पांढरा धूर आणि रुडॉल्फ डिझेल

मागच्या डिसेंबरात सुट्टी काढून गावी गेलो होतो. गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या जवळ. पहिल्याच पहाटे जाग आली ती नानांच्या गाडीच्या स्टार्टरनं. घर्र, घर्र, मग शांतता. परत घर्र. पाचव्या खेपेला इंजिन एकदाचं चालू झालं, पण असं थडथडत, की जणू एक पाय उचलून चालतंय. बाहेर येऊन बघतो तर अंगण पांढऱ्या धुरानं भरलेलं. कच्च्या डिझेलचा उग्र वास, डोळे चुरचुरायला लागले. दोन मिनिटांनी धूर गेला, आवाज सरळ झाला आणि नाना काही झालंच नाही अशा थाटात निघून गेले.

नाना म्हणजे माझे चुलते. पहाटे पाचला कुठे जातात? तर उसाला पाणी द्यायला. आमच्याकडे शेतीची लाइट बरेच दिवस रात्रीची असते, आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अंधारात उसाच्या कडेनं पायी जायचं नाही, गाडीनं जायचं, हेडलाइट लावून मोटार चालू करायची आणि काच वर करून बसायचं, हा नानांचा नियम. त्यामुळे ही वीस वर्षांची डिझेल गाडी थंडीत चालू होणं ही आमच्या घरात हौसेची गोष्ट नाही.

एका गॅरेजवाल्यानं निदान करून ठेवलं होतं: रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. त्यानं सांगितलेला खर्च जवळपास कांदा लागवडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांएवढा होता. नानांचं मन गाडी भंगारात घालण्याकडे झुकलं होतं. मी दोन दिवस मागून घेतले.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या हिशेबानं धूर म्हणजे इंजिनाचा लॉग. पण लॉग वाचायचा तर मुळात ती यंत्रणा लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते कळावं लागतं. म्हणून त्या रात्री गाडीच्या मॅन्युअलऐवजी रुडॉल्फ डिझेल वाचत बसलो. डिझेल हे तेलाचं नाव नंतर झालं, आधी तो माणूस होता.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील बव्हेरियातून आलेले जर्मन. वडील पुस्तकबांधणी आणि चामडी वस्तूंचं काम करायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं. तिथं सगळ्यांचं पोट भरणं अवघड, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबुर्गला काका-काकूंकडे पाठवलं. काका गणित शिकवायचे. हा मुलगा तिथं शिकला, शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या तंत्रशाळेत गेला, ऐन परीक्षेच्या वेळी टायफॉइडनं आजारी पडला, आणि पुढच्या परीक्षेत, जानेवारी १८८० मध्ये, उत्तम गुणांनी पास झाला.

म्युनिकला त्याला कार्ल फॉन लिंडे शिकवायला होते, कृत्रिम बर्फ तयार करण्याच्या यंत्रांमुळे नावाजलेले. त्यांच्या तासाला कळलेली एक गोष्ट डिझेलच्या डोक्यातून गेलीच नाही: वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी कामाला लावतं. बाकी सगळं वाया. मग पुढची जवळजवळ दहा वर्षं तो पॅरिसमध्ये लिंडेंच्या बर्फाच्या यंत्रांवर नोकरी करत राहिला आणि उरलेल्या वेळात अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करायच्या मागे लागला. ते काही जमलं नाही.

जमलं ते वेगळंच. हवा झटकन दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना, तेच. आग्नेय आशियात एका नळीत दट्ट्या जोरात मारून कापसाला पेट देण्याचं साधन फार जुन्या काळापासून होतं, आणि तसं एक साधन डिझेलनं विद्यार्थीदशेत पाहिल्याचं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याची कल्पना अशी: सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेनं इंधन पेटलं पाहिजे. ठिणगी नको, बाहेरची ज्योत नको. १८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, ते १८९३ मध्ये हातात आलं. त्याच वर्षी त्यानं या इंजिनाच्या सिद्धांतावर पुस्तकही काढलं. त्यातला सुरुवातीचा हिशेब २५० वातावरणांच्या दाबाचा होता. एवढा दाब धरणारं लोखंडकाम त्या काळी कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्याला पुष्कळच खाली यावं लागलं.

ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्यानं जागा दिली, क्रुपनं पैशाला हातभार लावला. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्यांदा इंधन सोडलं तेव्हा असा स्फोट झाला की दाब मोजायचं उपकरणच फुटून उडालं. डिझेल तरी खूश होता, कारण ठिणगीशिवाय पेट घेतला होता. खरी अडचण दुसरी होती. ठरवलेला दाब मिळतच नव्हता. पिस्टनच्या कडेनं हवा निसटत होती. थोडक्यात, आमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेला आजार जगातल्या पहिल्या डिझेल इंजिनाला जन्मतःच होता.

पुढचे काही महिने दुरुस्तीत गेले. १७ फेब्रुवारी १८९४ ला कारखान्याच्या शाफ्टवरून पट्ट्यानं इंजिन फिरवत असताना पट्ट्याचा ताण उलटल्याचं लक्षात आलं. आता शाफ्ट इंजिनाला फिरवत नव्हता, इंजिन शाफ्टला ओढत होतं. साधारण एक मिनिट, ८८ फेरे. त्यानंतर आणखी तीन वर्षं. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. २५ सेंटिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर, उंची माणसाच्या दीडपट, इंधन रॉकेलच्या जातीचं. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळात कुठल्याही उष्णता-इंजिनाच्या जवळपास हा आकडा नव्हता.

आमच्याकडे या माणसाचं यंत्र आलं ते विहिरींवर. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढं गावोगाव ‘इंजिन’ म्हटलं की पाणी उपसणारं डिझेल इंजिनच. आजोबांचं तसं एक होतं. नानांनी लहानपणी त्याला हँडल मारलंय. आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हँडल हलकं फिरतं. वेग आला की खटका सोडायचा, त्या झटक्यात हवा दाबली जाते आणि इंजिन पुकपुकायला लागतं. थंडीत ऐकलं नाही तर हवेच्या वाटेनं चमचाभर ऑइल आत. ते ऑइल रिंगांच्या कडेला बसून गळती बुजवतं, दाब वाढतो. नानांना थर्मोडायनॅमिक्स कुणी शिकवलं नव्हतं, पण पुढच्या दिवशी मी दाब, उष्णता वगैरे सुरू केल्यावर या चमच्याची आठवण त्यांनीच काढली, आणि माझं निम्मं काम झालं.

डिझेलला पैसा मिळाला, भरपूर मिळाला. देशोदेशी परवाने विकले गेले, म्युनिकला आलिशान घर झालं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. पण सुरुवातीला विकलेली इंजिनं गिऱ्हाइकांकडे धड चालेनात. पेटंटची भांडणं सुरू झाली. कल्पना तुझी नव्हेच असं म्हणणारे निघाले. १८९८ मध्येच त्याला थकव्यानं आरोग्यधामात राहावं लागलं होतं. जमिनी आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत त्यानं हात पोळून घेतले. हा भाग वाचताना मला त्याचा थोडा रागच आला. इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा माणूस स्वतःच्या पैशाच्या बाबतीत इतका ढिसाळ!

२९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ बोटीनं इंग्लंडला निघाला. जेवला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी बिछाना न झोपलेला आणि माणूस गायब. सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खिशातल्या वस्तू काढून घेऊन ते पुन्हा पाण्यात सोडलं गेलं, आणि त्या वस्तू त्याच्या मुलानं ओळखल्या. डायरीत त्या तारखेपुढं फुली होती. डोक्यावर कर्ज होतं. खुनाच्या कथाही निघाल्या, अजून निघतात. मला त्या फुलीपुढं त्या फिक्या वाटतात. वय ५५.

डिझेल इंजिनवाली मोटारगाडी बाजारात आलेली त्यानं पाहिली नाही. त्याचं इंजिन दाबलेल्या हवेच्या जोरावर इंधन फवारायचं, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. बोटीला ठीक, गाडीला अशक्य. त्यातून वाट निघाली ती दुसऱ्यांकडून. १९०९ मध्ये बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोराँजनं मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी कल्पिली, प्रीचेंबर. इंधन आधी तिथं पेटतं आणि ज्वाळेच्या जोरानं बाहेर पसरतं, कॉम्प्रेसर नको. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२७ मध्ये इंधन मोजून दाबणारे पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. १९३६ मध्ये मर्सिडीझची २६० डी ही डिझेल मोटार आली.

पण या छोट्या कोठडीनं एक दुखणं आणलं, आणि तेच आमच्या अंगणात होतं. हवा वीस पट दाबली तर कागदावर तापमान सहाशे अंशांच्या वर जातं. डिझेल पेटायला त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. म्हणजे अडचण यायलाच नको. मात्र कोठडी जितकी लहान, तितकी आतल्या हवेच्या मानानं भिंत जास्त. पहाटे नऊ-दहा अंशांत गारठलेली ती भिंत हवेची उष्णता ओढून घेते. स्टार्टर इंजिन सावकाश फिरवतो, त्यामुळे भिंतीला वेळही मिळतो. इंधन फवारतं, काही पेटतं, काही नुसतं धुकं होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तो पांढरा धूर. म्हणून कोठडीत आधी विजेवर लाल होणारी कांडी घालतात, ग्लो प्लग. बाहेरून उष्णता द्यायची नाही म्हणून डिझेलनं आयुष्य घालवलं, आणि शेवटी पहाटेपुरती ती द्यावीच लागली.

आता लॉग वाचता येत होता. स्टार्टर फिरतानाच धूर येतो, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय. टाकी-पाइप-फिल्टरच्या वाटेनं हवा ओढली जात असती तर बहुतेक धूरच आला नसता. धूर निळा नाही आणि ऑइलची पातळी महिनाभर तीच, म्हणजे ऑइल जळत नाही. रेडिएटरचं पाणी कमी होत नाही आणि धूर दोन मिनिटांत जातो, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय नको. स्टार्टर जोमानं फिरतो, बॅटरी ठीक. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन एकदा तापलं की दिवसभर अर्ध्या चावीत चालू होतं. रिंगा खरंच संपल्या असत्या तर ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर चालत्या इंजिनातून भकाभका वाफा आल्या असत्या. आम्ही उघडून पाहिलं, किरकोळ फुंकर होती.

राहिले ग्लो प्लग. नानांचा यावर आक्षेप होता: डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे प्लग चालतात. इथं बरेच जण फसतात. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. प्लग जिवंत आहेत की मेले हे त्याला ठाऊक नसतं. चावी काढून ठेवली, चारही प्लगांना जोडणारी पट्टी सोडली आणि मल्टीमीटरची एक सुई प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली. दोन प्लग एक ओहमच्या आत. दोन प्लगांना काहीच नाही, आतली तार तुटलेली. पट्टीवर चावी दिल्यावर बॅटरीचा व्होल्टेज येत होता, म्हणजे रिले ठीक. चारपैकी दोन सिलिंडर गार, म्हणून ते लंगडणं.

काढताना मात्र घाम फुटला. चौथा प्लग काजळीनं आट्यांत धरून बसला होता. तो हेडमध्ये तुटला तर हेडच काढावं लागण्याची वेळ येऊ शकते, आणि मग गॅरेजवाल्याचं भाकीत मीच खरं करून दाखवलं असतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडून ठेवलं. सकाळी शेताची चक्कर झाल्यावर कोमट इंजिनावर पाव-पाव आटा पुढं-मागं करत काढला. चारही प्लग नवीन घातले; सगळ्यांचं आयुष्य सारखंच झालेलं, दोनच बदलण्यात अर्थ नव्हता. इंजिन खोलायच्या खर्चापुढं ही रक्कम चहापाण्याएवढी.

दुसऱ्या पहाटे मी मुद्दाम उठून अंगणात उभा राहिलो. नानांनी चावी दिली, दिवा विझेपर्यंत थांबले, स्टार्टर मारला. दुसऱ्या फेऱ्यालाच इंजिन चालू. थोडा धूर आला, चार-पाच सेकंद. एखादं नोजल ठिबकत असावं, ते उन्हाळ्यात बघू. नानांनी हेडलाइट लावले, काच वर केली आणि उसाकडे निघाले.