गर्ट्रूड जीकल : रंगांची बाग लावणारी बाई

पंचेचाळिशी उलटली की आता नवे काय शिकायचे, असे आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात. त्यातून डोळे अधू झाले तर विचारायलाच नको. अशा भगिनींनी इंग्लंडमधील गर्ट्रूड जीकल या बाईंचे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे. जगभरच्या बागप्रेमी लोकांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

बाईंचा जन्म २९ नोव्हेंबर १८४३ रोजी लंडन शहरी, एका सधन कुटुंबात झाला. सात भावंडांत त्या पाचव्या. १८४८ साली कुटुंब सरे परगण्यातील ब्रॅम्ली या खेड्याजवळ राहावयास गेले. तेथील रानवाटा, ओढे आणि झोपडीवजा घरांपुढील फुलझाडांचे वाफे यांतच त्यांचे बालपण गेले. पुढे १८६१ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत त्यांनी नाव घातले. त्या काळी मुलीने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे ही लहान गोष्ट नव्हती. चित्रकलेखेरीज भरतकाम, लाकडावरील कोरीवकाम व चांदीकाम हेही त्यांना उत्तम साधे. त्यांनी लग्न केले नाही. हातातील कला हाच त्यांचा संसार होता.

परंतु त्यांची दृष्टी मुळातच मंद होती, आणि बारीक कामाने ती अधिकच बिघडत गेली. १८९१ साली जर्मनीतील एका नामांकित नेत्रवैद्याने त्यांना चित्रकला व भरतकाम सोडून देण्याचा सल्ला दिला. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. ज्या कामावर जीव, तेच हातून सुटले! हा घाव सोसणे सोपे नव्हते. पण बाई रडत बसल्या नाहीत. गोडाल्मिंगजवळ मन्स्टेड येथे त्यांनी सुमारे पंधरा एकर जमीन घेतली होती व तेथे लागवडही सुरू केली होती. आता कुंचल्याचे काम त्यांनी फुलझाडांकडून करून घेतले.

त्यांच्या बागेतील मोठा फुलांचा पट्टा दोनशे फूट लांब व चौदा फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळ्या, पांढऱ्या व करड्या रंगांची झाडे, मग फिकट पिवळी, पुढे नारिंगी आणि मधोमध भडक लाल, अशी त्याची रचना होती. एकेक झाड सुटे न लावता एका जातीची झाडे लांबट घोळक्याने लावावयाची, म्हणजे रंग रंगात मिसळतो, ही त्यांची रीत. हे सारे करताना त्या हातात कुदळ घेऊन मातीत उभ्या असत. त्यांचे झिजलेले, ठिगळे लावलेले बूट इतके प्रसिद्ध झाले, की विल्यम निकल्सन या चित्रकाराने १९२० साली त्या बुटांचेच चित्र काढले!

१८८९ साली वीस वर्षांच्या एडविन लट्येन्सशी त्यांची ओळख झाली. पुढे नवी दिल्ली उभारणारे स्थापत्यकार ते हेच. बाईंनी या मुलाला जवळ केले. १८९७ साली पुरे झालेले बाईंचे घर त्यांनीच बांधले, आणि दोघांनी मिळून अनेक घरे व बागा सजविल्या. बाईंनी जन्मभरात सुमारे चारशे बागांचे आराखडे केले. पहिले पुस्तक १८९९ साली, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी निघाले. त्यानंतर आणखी पुस्तके व हजारावर लेख त्यांनी लिहिले. मुलांनी बाग कशी करावी, यावरही १९०८ साली एक पुस्तक लिहिले.

श्रीमंतांच्या बागा आखणाऱ्या या बाईंचे आपल्या गावाकडेही लक्ष होते. खेड्यातील जुनी भांडीकुंडी, दिवे व अवजारे नाहीशी होत आहेत हे पाहून त्यांनी ती जमविली, त्यांवर १९०४ साली पुस्तक लिहिले, आणि पुढे तो संग्रह सार्वजनिक ठेव्यासाठी देऊन टाकला. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्या गोडाल्मिंगच्या शाखेसाठी त्यांनी निशाण तयार करून दिले. टायटॅनिक बोट १९१२ साली बुडाली तेव्हा अखेरपर्यंत बिनतारी संदेश पाठवीत राहिलेला जॅक फिलिप्स हा तरुण त्याच परिसरातला. १९१४ साली गावाने उभारलेल्या त्याच्या स्मारकातील झाडांची योजना बाईंची होती. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समधील काही सैनिकी दफनभूमींसाठीही त्यांनी लागवडीचे आराखडे करून दिले. परमुलखात पडलेल्या मुलांच्या उशाशी घरच्या अंगणातील फुले असावीत, हा त्यामागील हेतू.

ऐंशी वर्षांनंतर प्रवास झेपेना, तेव्हा लोक जमिनीचा नकाशा धाडीत व बाई घरबसल्या आराखडा करून देत. १९२६ साली अमेरिकेतील एका बागेची आखणी त्यांनी अशीच केली. १९३२ च्या सप्टेंबरात त्यांचे बंधू हर्बर्ट वारले, आणि ८ डिसेंबर रोजी एकोणनव्वदाव्या वर्षी बाईंनीही देह ठेवला. बझब्रिज येथील त्यांचे थडगे लट्येन्सनीच आखले. त्यावर त्यांची ओळख कलावंत, बागवान व हस्तकारागीर एवढीच कोरली आहे.

त्यांच्यामागे मन्स्टेडच्या बागेची आबाळ झाली. परंतु त्यांचे पुष्कळसे आराखडे बीअट्रिक्स फॅरंड या अमेरिकन उद्यानकर्त्या बाईंनी विकत घेऊन जपले आणि १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिले. एका बाईचे काम दुसरीने राखले, हे विशेष. मन्स्टेडचे घर व बाग २०२३ साली इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने घेतली. आपल्या कलौंजीच्या कुळातील एक निळे फूल आजही बाईंच्या नावाने ओळखले जाते.

आपल्याकडे पंधरा एकर नसतील, पण तुळशीवृंदावनाभोवती चार कुंड्या तर आहेत! रंगांचा मेळ साधून त्या लावाव्यात, आणि उरलेले रोप शेजारणीला द्यावे. बाईंचे स्मरण करण्याची हीच योग्य रीत होय.