जॉन हॅम्पडेन : वीस शिलिंगांचा खटला

सतराव्या शतकातील इंग्लंड म्हटले की पहिला चार्ल्स आणि ऑलिव्हर क्रॉमवेल ही नावे तुमच्यासमोर उभी राहतात. क्रॉमवेलचा आतेभाऊ जॉन हॅम्पडेन मात्र उपेक्षित राहतो. त्याने राज्य केले नाही, ग्रंथही लिहिला नाही. एक लहानसा कर भरण्यास नकार दिला, म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले.

बकिंगहॅमशायरमधील ग्रेट हॅम्पडेन हे या घराण्याचे गाव. वडील लवकर निवर्तल्याने बालवयातच विस्तीर्ण जमिनी त्याच्याकडे आल्या. थेम येथील शाळा, ऑक्सफर्ड आणि मग कायद्याचे अध्ययन असा त्याचा शिक्षणक्रम झाला. 1621 मध्ये तो पार्लमेंटात गेला. राजाने सक्तीने मागितलेले कर्ज नाकारल्यामुळे 1627 मध्ये त्याला कारावासही घडला.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. युद्धकाळात किनाऱ्यावरील नगरांनी आरमारासाठी जहाजे वा पैसा द्यावा, अशी जुनी वहिवाट होती. तिला आपण ‘जहाजपट्टी’ म्हणू. घरपट्टी, पाणीपट्टी या शब्दांतील ‘पट्टी’ येथे नेमकी बसते. 1629 नंतर पार्लमेंट न बोलावणाऱ्या चार्ल्सने 1635 मध्ये ही पट्टी समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही लादली. स्टोक मँडेव्हिल येथील जमिनीपोटी हॅम्पडेनच्या वाट्याला वीस शिलिंग, म्हणजे अवघा एक पौंड आला. त्याच्यासारख्या धनिकाला ही रक्कम किरकोळ होती, हे ध्यानात घ्या. नड हे त्याच्या नकाराचे कारण नव्हते.

खटला 1637 मध्ये बारा न्यायाधीशांपुढे उभा राहिला. राज्यावर संकट आहे आणि संकट आहे की नाही हे ठरवणारा एकटा राजाच, अशी राजपक्षाची भूमिका होती. हॅम्पडेनचा वकील ऑलिव्हर सेंट जॉन याने साधा हिशेब मांडला : जहाजे सज्ज करण्यास कित्येक महिन्यांची मुदत दिली जाते, तेवढ्यात पार्लमेंट का बोलावता येऊ नये? माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म ‘संकट’ या एका शब्दाच्या अर्थनिर्णयाच्या अधिकारात आहे.

1638 मध्ये निकाल राजाच्या बाजूने लागला; परंतु सात विरुद्ध पाच असा. एवढ्या निसटत्या विजयाने राजाची शोभा वाढली नाही. वसुली मंदावली आणि 1641 मध्ये पार्लमेंटाने ही पट्टीच बेकायदा ठरवली.

4 जानेवारी 1642 रोजी चार्ल्स सशस्त्र लोकांसह ज्या पाच सभासदांना पकडण्यासाठी सभागृहात शिरला, त्यांत हॅम्पडेन होता. पाचही जण आधीच निसटले होते. पुढे यादवी युद्धात त्याने स्वतःची पलटण उभारली. 18 जून 1643 रोजी चालग्रोव्हच्या चकमकीत तो जखमी झाला आणि सहा दिवसांनी, जेथे बालपणी शिकला त्याच थेम गावी, मरण पावला. शत्रूची गोळी लागली की स्वतःचेच पिस्तूल फुटले, यावर पुढे इतका वाद माजला की 1828 मध्ये ग्रेट हॅम्पडेनच्या चर्चमधील एक शव उकरून तपासण्यात आले. तेव्हाही वाद मिटला नाही. शव त्याचेच होते का, असा नवा प्रश्न मात्र निर्माण झाला.