कामगारांचे वैद्य

इटली देशात मोडेना नावाचे शहर आहे. इ. स. १७०० च्या आधीची ही गोष्ट. तेथील एका घरात मैलाकुंडी साफ करण्याचे काम चालू होते. एक कामगार फार घाईने काम उरकत होता. घरमालकांनी त्याला घाईचे कारण विचारले. कुंडीत जास्त वेळ थांबले की डोळे जळतात आणि पुढे दृष्टीही जाते, असे त्या गरिबाने सांगितले. घरमालक विचारात पडले. ते होते प्रसिद्ध वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी.

रामाझिनी यांचा जन्म ४ ऑक्टोबर १६३३ रोजी कार्पी या गावी झाला. पार्मा येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. पुढे ते मोडेना येथे प्राध्यापक झाले.

त्या दिवसापासून ते कामगारांकडे लक्ष देऊ लागले. कारागिरांच्या दुकानांत जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. धान्य चाळणारे, पीठ दळणारे, पाव भाजणारे आणि जवसाच्या खोडाचे धागे पिंजणारे लोक त्यांनी पाहिले. हे लोक सतत खोकत. त्यांना दमा होई. धान्याची, पिठाची व धाग्यांची बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते, हे त्याचे कारण त्यांनी ओळखले. लोक ज्याला नशीब समजत होते, तो कामातून आलेला आजार होता!

त्यांनी उपायही सांगितले. तोंडावर कापड बांधावे, धुळीकडे तोंड करू नये, चेहरा धुवावा. त्रास फार वाढला, तर दुसरे काम शोधावे. कारण आरोग्य घालवून मिळवलेला पैसा हा खरा फायदा नव्हे, असे त्यांचे मत होते.

१७०० साली त्यांनी कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा कामधंदा अवश्य विचारावा, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. त्याच वर्षी ते पादुआ येथे शिकवू लागले. म्हातारपणी त्यांची दृष्टी अधू झाली. तरी १७१३ साली त्यांनी ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती काढली. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या महाराष्ट्रात कापूस पिकतो. जिनिंग कारखान्यांत व सूतगिरण्यांत कापसाची धूळ उडते. त्या धुळीने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो. सुट्टीनंतर कामावर गेले, की त्या दिवशी छाती जड होते. असे कोणाला होत असेल, तर वेळीच डॉक्टरांकडे जावे आणि आपण काय काम करतो, हे न विचारताही सांगावे.