दोन फेऱ्या, बत्तीस वर्षं

मित्र-मैत्रिणींनो, लिना राडके हे नाव ऐकलंय का? आडनाव अगदी आपल्या वऱ्हाडातलं वाटावं असं, पण बाई पक्क्या जर्मन! ऑलिम्पिकमध्ये बायकांची 800 मीटरची शर्यत पहिल्यांदा जिंकणाऱ्या त्या ह्याच. धावण्याच्या इतिहासात त्यांचं नाव फार मोठं आहे. आपल्याकडे मात्र ते क्वचितच ऐकू येतं, म्हणून हा लेखप्रपंच.

लिनाबाईंचा जन्म 18 ऑक्टोबर 1903 चा, गाव कार्ल्सरूहे. माहेरचं आडनाव बाटशाउअर. आपल्या शाखेच्या लोकांनी ह्या गावाला नमस्कारच करायला हवा, कारण ज्यांच्या नावाने आपण फ्रिक्वेन्सी मोजतो त्या हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी ह्याच गावातल्या तंत्रविद्यालयात प्रयोगाने सिद्ध केल्या. अशा गावात ही मुलगी धावू लागली. बायकांनी मैदानात उतरणंच अनेकांना असभ्य वाटायचं, असा तो काळ. मध्यम पल्ल्याच्या शर्यतीसाठी मुलींना तयार करणारे कोच तर शोधून सापडायचे नाहीत. लिनाबाईंना ते घरातच मिळाले. त्यांचे पती गेओर्ग राडके हेच त्यांचे प्रशिक्षक! पुढे दोघं ब्रेस्लाऊ शहरात राहायला गेले आणि तिथल्या क्लबकडून त्या धावू लागल्या.

आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कुबेर्तां यांचाच बायकांच्या सहभागाला विरोध होता. मग फ्रान्सच्या अॅलिस मिलिया यांनी 1922 साली पॅरिसमध्ये महिलांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा भरवून दाखवल्या. त्या दबावामुळे 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांना अॅथलेटिक्सचे पाच प्रकार मिळाले. फक्त पाच! त्यात सगळ्यात लांब शर्यत होती 800 मीटर, म्हणजे ट्रॅकच्या पूर्ण दोन फेऱ्या.

2 ऑगस्ट 1928. फायनलला नऊ जणी उभ्या होत्या. राडके, स्वीडनची इंगा गेंटझेल, कॅनडा-अमेरिकेच्या मुली, आणि जपानची किनुए हितोमी, जी मुळात 100 मीटर आणि लांब उडीवाली! दुसऱ्या फेरीत राडके पुढे निघाल्या त्या निघाल्याच. हितोमीने शेवटी जीव तोडून अंतर कमी केलं, पण राडके हाती लागल्या नाहीत. वेळ 2 मिनिटं 16.8 सेकंद. हितोमी 2 मिनिटं 17.6 सेकंद. गेंटझेल तिसरी. राडके यांचाच आधीचा विश्वविक्रम 2 मिनिटं 19.6 सेकंदांचा होता, आणि पहिल्या तिघींनीही तो मोडला. गणित करून बघा, सरासरी वेग ताशी 21 किलोमीटर पडतो! अॅथलेटिक्समधलं जर्मनीचं हे पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक. पुरुषांनाही तोवर ते जमलं नव्हतं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, राजेहो!

रेषा ओलांडल्यावर काही जणी दमून गवतावर आडव्या झाल्या. पुरुषही होतातच की. पण बाईमाणूस आडवी झाली म्हटल्यावर वर्तमानपत्रांना बातमी सापडली. एका अमेरिकन बातमीदाराने तर लिहिलं की अकरा जणी धावल्या आणि पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली. प्रत्यक्षात धावल्या नऊ, आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली! निकालाचा कागद सगळ्यांसमोर होता, पण तो वाचायची तसदी कोण घेणार? इतकं लांब धावणं बायकांच्या शरीराला झेपत नाही असं ठरवलं गेलं आणि 800 मीटर ऑलिम्पिकमधून बाद झाली. त्यानंतर पार 1960 च्या रोमपर्यंत महिलांना ऑलिम्पिकमध्ये 200 मीटरपेक्षा लांब शर्यतच नव्हती. बत्तीस वर्षं!

आपण लॅबमध्ये रीडिंग एक घेतलं आणि जर्नलमध्ये भलतंच लिहिलं, तर सर सही करत नाहीत. इथे तर अख्ख्या जगाने चुकीच्या जर्नलवर सही ठोकली.

राडके यांनी पळणं लगेच सोडलं नाही. 1930 मध्ये प्रागच्या महिला जागतिक स्पर्धेत त्यांनी 800 मीटरचं रौप्यपदक मिळवलं. त्यांचा विश्वविक्रम 1944 पर्यंत टिकला. पण ऑलिम्पिकचं पदक राखायची संधी त्यांना कधीच मिळाली नाही, कारण राखायला शर्यतच उरली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रेस्लाऊ पोलंडमध्ये गेलं, त्याचं नावही बदललं. लिनाबाई आपल्या जन्मगावी परतल्या आणि 14 फेब्रुवारी 1983 ला तिथेच वारल्या. बत्तीस वर्षांनी ही शर्यत परत आलेली मात्र त्यांना बघायला मिळाली. रोममध्ये सोव्हिएत संघाची ल्युदमिला शेव्त्सोवा 2 मिनिटं 4.3 सेकंदांत जिंकली!

हे सगळं मी का सांगतोय? कारण पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना धावावं लागतं ते अंतर नेमकं 800 मीटर आहे. आपल्या यवतमाळात पहाटे मैदानावर गेलात तर दारव्हा, घाटंजी, पुसदकडून शिकायला आलेल्या मुली ह्याच दोन फेऱ्यांचा सराव करताना दिसतील. माझी धाकटी बहीणही त्यात आहे. घरातल्या मोठ्यांना काळजी वाटते, की पोरीच्या जातीने एवढं पळावं का, पुढे शरीराला त्रास झाला तर? काळजी खरी आहे, मायेपोटी आहे. पण ती आली कुठून? 1928 साली शहाण्या-सुरत्या लोकांनी हेच म्हटलं होतं, तेही समोर निकालाचा कागद असताना.

आपल्या गीता झुत्शी यांनी 1978 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली आणि दहावी आली. बंद झालेलं दार उघडल्यावर काय होतं, ते ह्या पोरींनी दाखवून दिलं.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी झेपणार नाही म्हटलं तर वाद घालत बसू नका. बूट बांधा, दोन फेऱ्या मारा आणि वेळ लिहून ठेवा. लिनाबाईंनी तरी दुसरं काय केलं होतं?