लोहाराचा मुलगा

मुलांनो, चोपड्यासारख्या गावातही आता दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेले मोबाइल आणि टीव्ही साचतात. या कचऱ्यात तांबे असते. थोडे चांदी-सोनेही असते. हे धातू वेगळे करण्याच्या कामी वीज उपयोगी पडते. त्या कामाचे नियम मायकेल फॅरेडे यांनी शोधले.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार होते, पण ते नेहमी आजारी असत. गरिबीमुळे मायकेलला फारशी शाळा मिळाली नाही. तेराव्या वर्षी तो एका पुस्तकविक्रेत्याकडे नोकरीला लागला. तेथेच तो पुस्तके बांधायला शिकला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. विजेची माहिती त्याला अशीच एका ज्ञानकोशात मिळाली.

१८१२ साली त्याने हंफ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली. ती त्याने नीट लिहून काढली. त्या पानांचे स्वतः पुस्तक बांधले आणि डेव्हींना पाठवले. पुढच्याच वर्षी डेव्हींच्या प्रयोगशाळेत त्याला मदतनिसाची जागा मिळाली.

विजेच्या साहाय्याने पदार्थाचे घटक वेगळे करणे म्हणजे विद्युत अपघटन. डेव्हींनी या रीतीने सोडियम धातू मिळवला होता. पण किती विजेने किती धातू मिळेल? फॅरेडे यांनी पुन्हा पुन्हा प्रयोग करून मोजमापे घेतली. वीज जितकी जास्त वाहते, त्याच प्रमाणात धातूही जास्त जमतो, असे त्यांनी १८३३-३४ च्या सुमारास दाखवून दिले.

आज कारखान्यांत असा कचरा वितळवून आधी अशुद्ध तांबे काढतात. त्याचा जाड पत्रा आणि शुद्ध तांब्याचा पातळ पत्रा मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात ठेवतात. वीज सोडली, की जाड पत्र्यातले तांबे विरघळून पातळ पत्र्यावर जमते. सोने-चांदी विरघळत नाही. ते गाळात तळाशी बसते आणि मग त्या गाळातून काढतात. किती वीज लागेल, याचा हिशेब फॅरेडे यांच्या नियमानेच होतो. या कामातील आम्ल आणि धूर घातक असतात. म्हणून हे काम घरी कधीही करू नये.

फॅरेडे यांनी 'सर' हा किताब घेतला नाही. नाताळात ते मुलांसाठी व्याख्याने देत. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. दुसऱ्यांची पुस्तके बांधणाऱ्या त्या मुलाचे नाव आज विज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात आहे.